पाण्याकडे तोंड केलेल्या चपला

जयवंतीताई खवणेकर समुद्रात शिरण्याआधी चपला मांडायच्या. स्वतःच्या आणि सगळ्यांच्या. कोरड्या वाळूवर एका ओळीत, दोन जोडांमध्ये हातभर अंतर सोडून, चवडे पाण्याकडे. कुणी घाईत चपला भिरकावल्या तर त्या काही बोलत नसत. पायाच्या अंगठ्याने त्या सरळ करत आणि मगच मास्क हातात देत. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाने आपली जोड पायात घालून चटईवर यायचं. ओळीत जेवढ्या जोड्या उरल्या तेवढी माणसं अजून पाण्यात.

"कोण पाण्यात आसा ता चपला सांगतत," त्या म्हणायच्या. "माणूस म्हणता मी हय आसंय, आणि असता थंय. चपल तसा करणा नाय."

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना त्या माहीत आहेत, पण मंडळाच्या फाइलमध्ये त्यांच्याविषयी जो एक कागद आहे तो माझ्या सहीचा आहे आणि त्यातलं एक वाक्य खोटं आहे. ते वाक्य पुढे येईलच. आधी बाई कशा होत्या ते सांगतो. होत्या म्हणजे आहेत, ठणठणीत आहेत.

वेंगुर्ल्याजवळच्या एका किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या त्या. नवरा सुरेश इथल्या बंदरात टगबोटीवर, पंधरा दिवस पाण्यात आणि पंधरा दिवस घरी. त्या स्वतः एका भारतीय शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मुलं प्रयोग करून गेली की परीक्षानळ्या धुवायच्या आणि स्टँडमध्ये लावायच्या. त्यांची मोजायची रीत उलटी होती. नळ्या मोजत नसत, स्टँडमधली रिकामी भोकं मोजत. "असलेला मोजूक वेळ लागता, साहेब. नसलेला डोळ्यात भरता." चपलांची ओळ तिथूनच आली होती.

आम्ही म्हणजे पुणे, नाशिक, मुंबईहून आलेले इंजिनिअर आणि त्यांच्या बायका. नोकरी समुद्राकाठी, पगार समुद्राखालच्या वायूचा आणि पोहता येणारे चौदात तीन. त्या तिघांचंही पोहणं तलावातलं. अल खोरच्या उत्तरेला पक्का रस्ता सोडून वीसेक मिनिटं गेलं की एक किनारा लागतो. तिथे लाट नावालाच असते. कमरेइतक्या पाण्यात लांबवर चालत जावं, खाली पांढरी वाळू, मध्येच समुद्रगवताचे पट्टे, आणि त्यापलीकडे वाळूची एक बुडालेली पट्टी. दर शुक्रवारी सकाळी उन्हाआधी आम्ही तिथे जायचो. सुरुवातीला फक्त चहा प्यायला. एका शुक्रवारी जयवंतीताई आल्या, जुन्या सुती सलवारीच्या पायांना नाडी बांधली, डोक्यावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली आणि पाण्यात दिसेनाशा झाल्या. दोन मिनिटांनी भलत्याच ठिकाणी वर आल्या. हातात निळ्या नांग्यांचा खेकडा. तो सगळ्यांना दाखवला आणि परत सोडून दिला. पुढच्या शुक्रवारपासून शिकवणी सुरू.

पहिला धडा पोहण्याचा नव्हताच. गुडघाभर पाण्यात पालथं पडायचं, तोंड पाण्यात घालायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि खाली काय दिसतं ते बघायचं. हातपाय मारायचे नाहीत. बाहेर आलं की प्रश्न ठरलेला असायचा, "काय बघलंस?" काही नाही, हे उत्तर चालत नसे. परत पाठवत.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मास्कच्या काचेवर थुंकायला सांगितलं. काच धुकट होऊ नये म्हणून ते करतात हे मला माहीत नव्हतं.

"चारचौघांत?" मी विचारलं.

"थुंका, साहेब. हय तुमचा हेल्मेट चालणा नाय."

मी प्लांटवर सेफ्टी ऑफिसर होतो. हेल्मेट न घातलेल्या माणसाला परत पाठवणं हे माझं काम. माझी बायको नलिनी चटईवर थर्मास धरून बसली होती. ती इतकी हसली की चहा सांडला. मी थुंकलो, पालथा पडलो आणि घाबरून लगेच उठलो.

"काय बघलंस रे?"

एव्हाना मी गुडघाभर का होईना, पाण्यात होतो आणि पाण्यात त्या सगळ्यांना अरे-तुरे करत. जमिनीवर साहेब, वहिनी, अहो-जाहो. पाय भिजले की खलास. त्यांचं म्हणणं, "पाण्यात साहेब बुडता, माणूस तरंगता."

मी म्हणालो, "वाळू."

"वाळू वरसून पण दिसता. जा परत."

तिसऱ्यांदा मला बोटाएवढा एक मासा दिसला. माझ्याच सावलीत तो थांबला होता. ते सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. शाबासकी एवढीच.

एकदा मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी कॅरिबियन बेटांवरच्या सहलीचे फोटो फोनवर दाखवायला सुरुवात केली. हिरवंनिळं पाणी, पोपटी मासे, नारळाच्या झाडाखाली पालथे पडलेले गोरे लोक. "असं शांत पाणी मी कुठेच बघितलं नाही," ते म्हणाले. जयवंतीताईंनी सगळे फोटो मन लावून बघितले.

"मासे चांगले आसत," त्या म्हणाल्या. "तुमी किती बघलास?"

ते गृहस्थ चाचरले. "म्हणजे, मी पाण्यात उतरलो नाही. बायको फोटो काढत होती ना."

"मगे थंय पण आणि हय पण सारख्याच. तोंड खाली घालूचा लागता."

त्याच दिवशी दुपारपर्यंत ते गृहस्थ तोंड खाली घालून तरंगत होते.

वाळूच्या पट्टीच्या अलीकडे एक गरगूर पडलेला होता. मासे पकडायचा तारेचा घुमटासारखा सापळा, इथले कोळी वापरतात तो. दोर तुटून राहिलेला, तारांवर शेवाळ आणि आतबाहेर ये-जा करणारे छोटे मासे. पोहायला शिकलेल्या माणसाची परीक्षा म्हणजे त्या गरगूरपर्यंत जाऊन येणं. एकदा एक वृद्ध कतारी गृहस्थ लँडक्रूझर थांबवून बराच वेळ हे सगळं बघत राहिले. नंतर खाली उतरून हिंदीत म्हणाले, "वो गरगूर मेरा था. बहुत साल पहले गया."

जयवंतीताई घाबरल्या नाहीत. "तो ले जाओ, बाबा. मैं निकाल के देती."

त्यांनी हात हलवला. "नही, नही. अब मछली का घर है. खल्ली." म्हणजे राहू दे. मग आमच्याकडे वळून, जयवंतीताईंकडे बोट करून म्हणाले, "माशाल्ला. ये समंदर वाला लोग है." त्यांनी खजुराचा एक डबा दिला. त्या डब्यात जयवंतीताई पुढे कितीतरी वर्षं सुया-दोरे ठेवायच्या.

ओंकार आमच्यात सगळ्यात उशिरा आला. पुण्याचा, पंचविशीचा, दोन वर्षांच्या कंत्राटावर. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलेला. त्याला गुडघाभर पाण्यातही धाप लागायची. जयवंतीताईंनी त्याला पाच शुक्रवार पालथं पाडलंच नाही. पाठीवर निजवलं. मानेखाली एक बोट, फक्त एक. "आकाश बघ. काय दिसता?"

"काही नाही, ताई. निळं आहे."

"निळा आसा ना? मगे काय नाय म्हणान कशाक सांगतंस?" सहाव्या शुक्रवारी त्यांनी ते बोट कधी काढून घेतलं हे त्याला कळलंही नाही. त्या त्याला एकच गोष्ट सांगत, दरवेळी, अगदी कंटाळा येईपर्यंत: "पाय वळलो, दम लागलो, भिती वाटली, की काय करूचा नाय. पाठीवर पडूचा आणि वाट बघूची. कोण तरी येता."

आता तो शुक्रवार.

मे महिना लागला होता आणि तो त्या मोसमातला शेवटचा शुक्रवार ठरला होता. साडेनऊलाच वाळू तापली. मी पाण्यातून बाहेर येत होतो तेव्हा नलिनी ओरडली, "अहो, गाडीत तुमचा ड्यूटीचा फोन कधीचा वाजतोय!" गाड्या दूर कठीण जमिनीवर लावलेल्या असत. माझ्या चपला ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. माझ्यासमोर निळ्या रबरी चपलांची एक जोड होती. वाळू भाजत होती. मी त्या निळ्या चपला पायात सरकवल्या आणि धावलो. दोन मिनिटांत परत आणून ठेवतो, असं मनात म्हणालो.

फोनवरचं बोलणं वीस मिनिटं चाललं. बोलता बोलता मी गाडीत बसून चपला काढल्या, पाय पुसले, बूट घातले. निळ्या चपला सीटखाली गेल्या आणि डोक्यातूनही गेल्या.

त्या ओंकारच्या होत्या. तो अजून पाण्यात होता.

तेवढ्यात जयवंतीताईंनी ओळ बघितली. एकच जोड उरली होती आणि ती माझी. मी तर समोर गाडीपाशी कानाला फोन लावून दिसत होतो. "साहेबाक घाई, अनवाणीच गेलो," असं म्हणून त्या हसल्या, आणि त्यांचा हिशोब बरोबर जुळला. सगळे बाहेर. सकाळचं ऊन समोरून पाण्यावर पडत होतं, डोळे उघडत नव्हते. ओंकार एकटा राहणारा, कुणाच्या तरी गाडीतून आलेला. चटईवर त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.

चहा झाला. सामान आवरायला लागले. आणि त्यांनी त्यांच्या दुसऱ्या सवयीप्रमाणे एकेकाला विचारायला सुरुवात केली, काय बघलास, काय बघलास. मी फोन संपवून परत आलो तेव्हा त्या अर्ध्यावर होत्या. शेवटी थांबून त्या म्हणाल्या, "ओंकारान सांगूक नाय."

कुणीतरी म्हणालं, "गाडीत असेल."

"सांगल्याशिवाय तो चाय पिणा नाय."

मग त्यांनी ओळीकडे बघितलं. ओळीत माझी जोड तशीच होती. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्या टोपीही न घालता धावल्या.

ओंकार वाळूच्या पट्टीच्या पलीकडे होता. ओहोटीच्या पाण्याने त्याला पट्टीतल्या फटीतून बाहेर ओढून नेलं होतं आणि त्याच्या पोटरीत गोळा आला होता. तो पाठीवर पडून होता. जवळपास अर्धा तास. आकाशाकडे बघत. जयवंतीताईंनी पोहत जाऊन त्याला हनुवटीखाली धरून आणला. उथळ पाण्यात पाय टेकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल?

"काय बघलंस?"

"विमान, ताई," तो रडत म्हणाला. "दोन विमानं."

तो वाचला. इथवर सगळं चांगलं आहे.

मग तो चपला शोधायला लागला. सगळे शोधायला लागले. त्या क्षणी मला गाडीतली सीट आठवली. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "भरतीच्या पाण्याने नेल्या असतील."

जयवंतीताई अजून धापा टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सुकती आसा, साहेब," त्या म्हणाल्या. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी मागे जात होतं. मागे जाणारं पाणी कोरड्या वाळूवर चढून चपला कशी नेणार? किनाऱ्यावर जन्मलेल्या बाईला ते दिसत होतं. मी चटई गुंडाळायला वळलो.

मंडळाच्या समितीने अहवाल मागितला. सेफ्टीचा माणूस मीच, त्यामुळे लिहायचा मीच. मी लिहिलं: चपलांच्या रांगेवरून माणसे मोजण्याची सौ. खवणेकर यांची पद्धत सदोष असून, भरतीच्या पाण्याने चपला वाहून गेल्याने गणना चुकली. खाली सही, हुद्दा, तारीख. त्या माणसाला पाठीवर तरंगायला कुणी शिकवलं, तो नाही हे कुणाच्या लक्षात आलं, आणि पट्टीपलीकडे कोण पोहत गेलं, हे त्या अहवालात कुठेही नाही. शुक्रवारचं पोहणं बंद झालं. त्या निळ्या चपला मी दोन दिवसांनी दोह्याला गेलो तेव्हा फरीज बिन ओमरानमधल्या एका कचरापेटीत टाकल्या. अल खोरात टाकायचं धाडस झालं नाही.

जयवंतीताईंनी तो कागद वाचला तेव्हा मी तिथे होतो. त्यांना इंजिनिअरची सही दिसली. "माझाच खयतरी चुकला असतला," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी पाण्यात उतरणं सोडलं.

पुढची काही वर्षं मी त्यांना मंडळाच्या कार्यक्रमांत बघत होतो. गणपतीच्या महाप्रसादाला पानं मांडताना त्या मोजायच्या. मग परत मोजायच्या. मग शेजारणीला म्हणायच्या, "जरा मोज गो बाय तू." रिकामी जागा एका नजरेत टिपणारी ती बाई. मी वरण वाढत पुढे जायचो. निवृत्त होऊन नाशिकला गेलो तेव्हाही सांगितलं नाही. त्या शुक्रवाराला अकरा वर्षं झाली. मी आता सत्तरीचा आहे. कारणं खूप होती, त्यातलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही.

या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे दोह्याला आलो. ती अल हिलालला राहते. एका सकाळी मला ओंकारचा मेसेज आला. तो आता कॅनडात असतो. सोबत एक फोटो. कॅरिबियनमधला कुठलासा शांत किनारा, तसंच ते हिरवंनिळं पाणी. पण फोटो पाण्याचा नव्हता. वाळूवर तीन जोड चपला होत्या. मोठी, मध्यम आणि एक अगदी लहान, गुलाबी. एका ओळीत, हातभर अंतर सोडून, चवडे पाण्याकडे. खाली लिहिलं होतं: "काका, आज मुलगी पहिल्यांदा तोंड खाली घालून तरंगली. तिने चार मासे आणि एक कासव बघितलं. जयवंतीताईंचा नंबर माझ्याकडे नाही. त्यांना हे दाखवाल का?"

फोटो दाखवायचा तर चपलांविषयी बोलावं लागणार होतं. नलिनीने फोटो बघितला आणि म्हणाली, "चला ना, जाऊ. किती वर्षांत भेटलो नाही त्यांना." तिला मी त्याच दुपारी सांगितलं. तिने फोन माझ्या हातात परत दिला. मग एवढंच म्हणाली, "मी तेव्हा त्यांना म्हणाले होते, ताई, होतं असं कधी कधी. माझ्याकडून वदवून घेतलंत तुम्ही ते."

अल खोरातलं त्यांचं घर तेच. त्यांचे केस पिकलेत, आवाज तोच. सुरेश टगवरून निवृत्त झालेत आणि दोघं जूनमध्ये कायमचे गावी निघालेत. अर्धं सामान खोक्यांत होतं. सुरेशच बोलता बोलता म्हणाले की त्यांच्या भाचीने गावात पर्यटकांसाठी स्नॉर्कलिंग सुरू केलं आहे. बायका आणि मुलांना शिकवायला तिला मामीच हवी आहे, वर्षभर विचारते आहे. "पण ही नको म्हणता."

"माका माणसा मोजूक जमणा नाय आता," जयवंतीताई चहा ओतत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पोरांचो जीव. नको."

मी फोन पुढे केला. त्यांनी तो फोटो मोठा करून बघितला. गुलाबी चपलेवर बोट ठेवलं. हसल्या. आणि मी सांगितलं. ड्यूटीचा फोन, तापलेली वाळू, निळ्या चपला, सीटखाली, फरीज बिन ओमरानची कचरापेटी. काही गाळलं नाही.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघत हळू म्हणाल्या, "म्हणजे माझा चुकूक नाय?"

"नाही."

"ओळ बरोबर होती?"

"ओळ बरोबर होती, ताई. मी बिघडवली."

"सुकती होती," त्या म्हणाल्या. "मी तवाच म्हटलंय, सुकती आसा." आणि मग आवाज चढला. "अकरा वर्सा, साहेब! अकरा वर्सा मी शाळेत बीकर तीन तीन खेपे मोजतंय. रातीचा ह्यांका इचारतंय, गॅस बंद केलंय काय, बघून येवा. माका वाटला माझे डोळे गेले. आणि तुमी वरण वाढीत होतास!"

सुरेश उठून आतल्या खोलीत गेले. नलिनी जयवंतीताईंच्या जवळ सरकली आणि त्यांनी तिला सरकू दिलं. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते मागितलं नाही. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तेवा कागदावर लिवलास ना? आता पण कागदावर लिवा. तोंडान सांगान उपेग नाय. सगळ्यांका वाचूक मिळाक होया."

"लिहितो."

"भरती लिवलेलास. सुकती लिवा."

म्हणून हे लिहितो आहे. मंडळाच्या त्या फाइलमधलं वाक्य खोटं आहे. त्या दिवशी ओहोटी होती. चपला पाण्याने नेल्या नाहीत, मी नेल्या. सौ. जयवंती खवणेकर यांची गणना चुकली नाही. त्यांच्यामुळे एक माणूस वाचला, आणि त्याच्या मुलीने या वर्षी कासव बघितलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "शुक्रवारी सकाळी सहाक. वहिनींक घेऊन येवा. त्येंका शिकवूचा रवला आसा."

नलिनी सहासष्ट वर्षांची आहे. त्या सगळ्या वर्षांत तिने पाण्याला पायही लावला नव्हता. शुक्रवारी तिने मुलीची सलवार घातली, पायांना नाडी बांधून घेतली आणि मास्कच्या काचेवर अशी थुंकली की सुरेशही हसले. किनारा अजून तसाच आहे. शेजारी आता दोन शेड झाल्या आहेत, एवढंच. जयवंतीताई पाण्याच्या कडेला थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी आपल्या चपला वाळूवर ठेवल्या, शेजारी नलिनीच्या. अंगठ्याने नलिनीची उजवी सरळ केली. टोपी चढवली. "यल्ला, वहिनी," असं म्हणत त्या आत शिरल्या, आणि गुडघाभर पाण्यात पोचेपर्यंत वहिनीची नलू झाली होती.

"तोंड खाली घाल गो! बघतंय मी!"

सुरेश चटईवर लवंडले. मी ओळीपाशी बसलो. माझ्या स्वतःच्या चपला मी मुद्दाम गाडीतच ठेवल्या होत्या. ऊन वर आलं, वाळू तापली, तळपाय भाजायला लागले. सुरेश म्हणाले, "अहो, हिच्या चपला घाला की. जरा वेळ." मी नको म्हणालो आणि एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहिलो.

पाण्यात दोन टोप्या दिसत होत्या, एक निळी, एक पांढरी. मग पांढरी टोपी वर आली आणि नलिनीचा ओरडा ऐकू आला, "पिवळा! पिवळा मासा, पट्टे पट्टे असलेला!" आणि पाठोपाठ जयवंतीताईंचं हसणं. अकरा वर्षांपूर्वी असायचं तसं.

हे मी बघितलेलं त्यांचं शेवटचं चित्र. जूनमध्ये त्या गावी गेल्या. भाचीला होकार कळवूनच निघाल्या, असं सुरेशनी सांगितलं. पण माझ्यासाठी त्या अजून तिथेच आहेत, नलिनीचा हात धरून पाण्यातून चालत येताना. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि ओळीकडे बघितलं. दोन जोड. दोन माणसं. ओठ हलले नाहीत, बोट हललं नाही. एकदाच बघितलं आणि त्या चहाकडे वळल्या.